जुनी गाडी, वीस तासांची रात्र

मेलबर्न शहराच्या मध्यापासून उत्तरेला साधारण २५ किलोमीटरवर आमचं क्रेगीबर्न. २००७ मध्ये उपनगरी रेल्वेची विजेची गाडी इथपर्यंत आली आणि मग घरांवर घरं उठत गेली. संध्याकाळी क्रेगीबर्न सेंट्रलमध्ये एक फेरी मारली तर पंजाबी, अरबी, सिंहली, तमिळ आणि अधूनमधून आपली मराठी, असं सगळं कानावर पडतं. पण स्टेशन असलं तरी गाडीशिवाय इथे पान हलत नाही. दूध संपलं, गाडी काढा. मुलांचा क्लास, गाडी काढा. कोथिंबीर विसरली, पुन्हा गाडी काढा.

आणि हिवाळ्यात ही गाडी काढायची म्हणजे अंधारातच. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळ एकदम अंगावर येते. जूनमध्ये सूर्य सव्वापाचच्या आत मावळतो आणि सकाळी साडेसात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे ऑफिसला जाताना दिवे लावायचे, येतानाही लावायचे. त्यात सकाळचं धुकं. भारतातल्या नातेवाइकांना वाटतं, ऑस्ट्रेलिया म्हणजे बाराही महिने ऊन. त्यांनी एकदा जुलैत येऊन बघावं!

आमच्या वस्तीत रस्त्यांवर भरपूर दिवे आहेत. पण दहा मिनिटं गाडी चालवली की चित्र बदलतं. मिकलहॅम रोड, डॉनीब्रूक रोड, कॅल्कॅलोकडची बाजू... कालपरवापर्यंत ही सगळी शेतजमीन आणि कुरणं होती. अजूनही मधल्या कितीतरी तुकड्यांवर रस्त्याला दिवा नाही. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण, वाळकं गवत आणि त्या गवतात कांगारू. हे प्राणी नेमके संध्याकाळी आणि पहाटे चरायला बाहेर पडतात. ऑस्ट्रेलियात जनावरांशी होणाऱ्या गाड्यांच्या टकरींमध्ये सगळ्यात मोठा वाटा कांगारूंचाच असतो. कांगारू गाई-म्हशीसारखा रस्त्यात उभा राहत नाही, तो उडी मारून येतो.

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे आमची लेक. ती सोळा वर्षांची झाली आणि तिला लर्नर परमिट मिळालं. इथे व्हिक्टोरिया राज्यात गाडी शिकणं म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे पंधरा दिवस आणि मग आरटीओत आठचा आकडा, असं नसतं. एकवीस वर्षांखालच्या मुलांना परीक्षेआधी १२० तास गाडी चालवल्याची नोंद दाखवावी लागते आणि त्यातले २० तास रात्रीचे हवेत. शेजारी पूर्ण लायसन्स असलेलं माणूस बसलेलं असलं पाहिजे. म्हणजे बहुतेक घरांत आई नाहीतर बाबा. पिवळ्या पाटीवर काळा 'एल' लावून पोर गाडी चालवते आणि आपण शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत राहतो. ज्यांनी हे केलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते बरोबर समजेल.

शिकायला गाडी कोणती? घरातली जुनी. २००५ सालची जपानी हॅचबॅक, एक लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली. इंजिन ठणठणीत, एसी चालतो, थोडं खरचटलं तर कुणाला वाईट वाटणार नाही. एकच दुखणं होतं. हेडलाइट. काचा पिवळट पडलेल्या आणि उजवीकडचा दिवा डावीकडच्यापेक्षा स्पष्ट मंद. शहरात चालून जायचं. पण या गाडीत बसून माझी मुलगी डॉनीब्रूक रोडवर वीस तास रात्र काढणार, हा विचार आला की पोटात गोळा यायचा.

यात थोडं गणित आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काहीतरी दिसलं, हे मेंदूला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात ३३ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी ३५ मीटर. एकूण सत्तरच्या आसपास. आणि चांगल्या स्थितीतल्या डिपरचा उपयोगी प्रकाश पडतो साधारण पन्नास-साठ मीटर. म्हणजे दिवे उत्तम असले तरी हिशोब काठावरचा. ते मंद असतील तर कांगारू दिसतो तेव्हा फक्त डोळे मिटायचं बाकी असतं.

अण्णांचा पहिला प्रश्न

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. कराड आगार. कुंभार्ली घाटातून चिपळूणला त्यांनी किती फेऱ्या केल्या, याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना दिव्यांचं सांगितलं. मी म्हटलं, "नवे बल्बच टाकतो, जास्त पॉवरचे."

त्यांनी विचारलं, "अर्थ बघितलीस का?"

"अजून नाही."

"मग आधी ती बघ. करंट जातो तसा परतही यायला पाहिजे. जायची वाट सगळे बघतात, यायची कुणी बघत नाही. आणि बल्ब बदलायचे तर बदल, पण का बदलतोयस ते कळल्यावर."

गाडीच्या विजेची ही गोष्ट खरंच साधी आहे. बॅटरीच्या प्लसकडून तार फ्यूजमधून, स्विचमधून किंवा रिलेमधून बल्बपर्यंत येते. परतीची तार मात्र बॅटरीपर्यंत जात नाही. ती जवळच बॉडीच्या पत्र्याला एका बोल्टने आवळलेली असते. गाडीचा पत्राच परतीची वाट. तो बोल्ट गंजला की वीज अडखळते. आपल्याकडच्या गॅरेजमधला कुठलाही जुना वायरमन दिवा मंद म्हटल्यावर आधी तिथेच हात घालतो.

शनिवारी सकाळी बॉनेट उघडलं. पहिली तपासणी फुकटची. डावा आणि उजवा बल्ब एकमेकांच्या जागी लावून बघायचे. मंदपणा बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष बल्बचा. जागेवरच राहिला, तर दोष वायरिंगचा किंवा काचेचा. आमच्याकडे तो उजवीकडेच राहिला. (बल्ब हाताळताना काचेला उघडं बोट लावू नये. हॅलोजन बल्बची काच प्रचंड तापते. बोटाचं तेल जिथे लागलं असेल, तिथे काच जास्त तापून बल्ब लवकर जातो. स्वच्छ कापड किंवा हातमोजा वापरायचा.)

मग मल्टिमीटर काढला. वीस-पंचवीस डॉलरला मिळतो आणि जुनी गाडी असलेल्या प्रत्येक घरात तो असावा. इंजिन चालू, डिपर चालू. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. डाव्या बल्बच्या होल्डरवर १३.४. उजव्या होल्डरवर १२.१. वरवर पाहता फरक फक्त सव्वा-दीड व्होल्टचा. पण हॅलोजन बल्ब फार हळवा असतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं तर उजेड दहा टक्क्यांनी उतरत नाही, तो जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. म्हणजे उजव्या दिव्याचा तीन आण्यांतला एक आणा वाटेतच कुणीतरी खात होतं.

कोण ते शोधायला मीटरची एक टोचणी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी बल्बच्या परतीच्या तारेवर ठेवली. दिवा चालू असताना इथे जवळजवळ शून्य यायला हवं. डावीकडे ०.१ आलं, उजवीकडे १.४. अण्णा बरोबर होते. उजव्या दिव्यामागे, बॅटरीच्या खाली, जिथे हात जेमतेम पोहोचतो, तिथला अर्थचा बोल्ट हिरवा-पांढरा झाला होता. तो सोडवला, टर्मिनल आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट पुन्हा आवळला आणि वरून थोडं ग्रीस लावलं. उजव्या होल्डरवर १३.४ व्होल्ट. एक रुपया खर्च नाही.

यानंतरच बल्ब बदलले. बल्ब बदलताना नेहमी जोडी बदलायची. दुकानात तीसपासून दीडशे टक्के जास्त उजेड सांगणारे बल्ब असतात. तो जास्तीचा उजेड रस्त्याच्या ठरावीक पट्ट्यात मोजलेला असतो आणि बल्बचं आयुष्य कमी करून मिळवलेला असतो. निळसर काचेचे बल्ब तर मुळीच घेऊ नयेत. ते पांढरे दिसतात, पण ती निळी काच उजेडच अडवते. मी नामांकित कंपनीचा साधा ६०/५५ वॅटचा एच-४ घेतला. ज्यांच्या गाडीत पुरवठ्याच्या बाजूलाच व्होल्टेज फार पडतं, त्यांना ऑटो इलेक्ट्रिशियनकडून रिले आणि जाड तारांचं हार्नेस बसवून घेता येतं. जुन्या गाड्यांसाठी खरी सुधारणा म्हणायची तर हीच. माझ्या गाडीत त्या बाजूला ०.६ व्होल्टच पडत होते, म्हणून मी ती केली नाही.

दिव्यांची अवस

राहिल्या काचा. काचा म्हणायची सवय, पण १९८०-९० नंतरच्या गाड्यांत बहुधा काच नसतेच, पॉलिकार्बोनेटचं प्लॅस्टिक असतं. अण्णांच्या एसटीला, नाहीतर जुन्या फियाट-अॅम्बॅसॅडरला खरी काच होती. ती फुटायची, पण पिवळी पडायची नाही. प्लॅस्टिक सहसा फुटत नाही, पण त्याच्यावरचा संरक्षक थर उन्हाने उडाला की अतिनील किरण त्याला खाऊ लागतात. ऑस्ट्रेलियाचं ऊन तर प्रसिद्धच. अंगात शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला, असं सांगणारी 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम १९८१ मध्ये इथल्या व्हिक्टोरियातच कॅन्सर कौन्सिलने सुरू केली. माणसांना क्रीम मिळालं, बिचाऱ्या हेडलाइटना कुणी विचारलं नाही!

याने नुकसान किती होतं? अमेरिकेतल्या एएए या मोटार संघटनेने २०१८ मध्ये दहा-अकरा वर्षं जुन्या गाड्यांचे धुरकटलेले दिवे तपासले. नव्या दिव्याच्या तुलनेत ते सुमारे २० टक्केच प्रकाश देत होते. घासून साफ केल्यावर तोच आकडा सत्तरच्या आसपास गेला. पूर्ण नवा दिवा बसवला तर शंभर. नव्या जोडीचा भाव मी विचारला, तो सात-आठशे डॉलर निघाला. गाडीचीच किंमत तीन हजार. तेव्हा घासणं ठरलं.

योगायोग असा की तो रविवार आषाढ अमावस्येच्या आसपासचा होता. तिकडे या दिवसाला लोक गटारी म्हणून ओळखतात, पण आमच्या घरात ती दिव्यांची अवस. आई माळ्यावरून सगळे दिवे काढायची. समई, निरांजनं, लामणदिवा, एवढंच काय, कंदील आणि टॉर्चसुद्धा. चिंचेने घासून पाटावर मांडायची आणि गूळ घातलेले कणकेचे उकडलेले दिवे तुपाबरोबर खायला मिळायचे. बायकोने इथेही ती प्रथा ठेवली आहे. तिने समई घासायला घेतली तेव्हा लेक म्हणाली, "मग गाडीचे दिवे पण घासूया ना, ते पण दिवेच आहेत." त्या बोलण्याला उत्तर नव्हतं.

कृती अशी. दिव्याभोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावायची, नाहीतर रंग ओरखडतो. मग पाण्याचा पॉलिश पेपर, आधी ८०० नंबरचा, मग १५०० आणि शेवटी ३०००. प्रत्येक वेळी भरपूर पाणी आणि एकाच दिशेने हात. पहिल्या पेपरनंतर दिवा आधीपेक्षा वाईट दिसतो, दुधासारखा पांढरा. तिथे घाबरायचं नाही. पिवळं पाणी यायचं थांबलं की पुढचा पेपर. मग पॉलिश. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटी अतिनील किरणांपासून वाचवणारं कोटिंग. टूथपेस्टने घासायचे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. चमक येते, पण वर नवा थर चढत नाही आणि थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा पिवळा. कोटिंग वाळायला कोरडी जागा लागते, म्हणून गाडी रात्रभर गराजमध्ये ठेवली. सगळं किट चाळीस डॉलरच्या आत. दुपारभर आम्ही दोघं घासत होतो आणि ओट्यावर कणकेचे दिवे वाफेवर होते.

"बाबा, तू दिसतच नाहीयेस"

आमचे शेजारी पाजी लुधियानाचे, ट्रक चालवतात, मनाने मोठे. आमची मेहनत बघून ते हसले आणि स्वतःच्या गराजमधून एलईडी बल्बचा न उघडलेला डबा घेऊन आले. "एवढा खटाटोप कशाला? हे लाव. रात्रीचा दिवस होईल." त्यांनी ते दुसऱ्या गाडीसाठी आणले होते. डब्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं, 'रस्त्यावर वापरण्यासाठी नाही'.

आम्ही दोघांनी ठरवलं, वाद नको, बघूनच घेऊ. गाडी ड्राइव्हवेमध्येच उभी. एका बाजूला नवा हॅलोजन, दुसऱ्या बाजूला एलईडी. गराजच्या दारावर प्रकाश टाकला. एलईडीचा भाग लख्ख पांढरा, पहिल्या नजरेला कुणीही त्यालाच निवडेल. पण नीट बघितल्यावर फरक कळला. हॅलोजनच्या प्रकाशाला वर एक स्पष्ट रेघ होती. रेघेखाली उजेड, वर अंधार. एलईडीच्या बाजूला ती रेघ पुसली गेली होती. प्रकाश दारावर वरपर्यंत, पन्हळीपर्यंत सांडला होता.

याचं कारण बल्बच्या पोटात आहे. एच-४ मध्ये अप्पर आणि डिपरच्या दोन तारा असतात आणि डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. जो उजेड वर उसळून समोरच्याच्या डोळ्यात जाईल, तो ती वाटी अडवते. दिव्याच्या आतला आरसा त्या तारेची जागा मिलिमीटरमध्ये धरून बनवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये तारेऐवजी पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात. आरसा तोच, उगमाची जागा आणि आकार वेगळा. मग उजेड जास्त निघतो, पण जिथे जायचा तिथे जात नाही. एलईडी वाईट असं नाही. निळ्या एलईडीच्या शोधाने पांढरा एलईडी शक्य झाला आणि त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. कारखान्यातून एलईडीसाठीच बनून आलेला दिवा उत्तम असतो. प्रश्न फक्त घर एकाचं आणि बिऱ्हाड दुसऱ्याचं, याचा आहे.

मग मी लेकीला म्हटलं, "तू समोर पाजींच्या गाडीत जाऊन बस, ड्रायव्हरच्या सीटवर." पाजींची गाडी रस्त्यापलीकडे, आमच्याकडे तोंड करून उभी होती. मी आमच्या गाडीच्या एलईडीच्या बाजूला, दिव्यापासून हातभर अंतरावर उभा राहिलो आणि तिला फोन लावला.

"काय दिसतंय?"

"पांढरं."

"आणि मी?"

"कुठेयस तू? बाबा, तू दिसतच नाहीयेस."

मी हात वर केला, हलवला. तिला काहीच दिसत नव्हतं. मग मी हॅलोजनच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. "हां, आता दिसतोयस. निळं स्वेटर." पाजीही जाऊन त्या सीटवर बसून आले. काही बोलले नाहीत. डबा उचलला आणि पावती सापडते का बघायला घरात गेले.

तो क्षण अजून डोक्यात आहे. रात्री रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडून कुणी उभं असेल, टायर बदलत असेल, तर समोरून येणाऱ्याला ते माणूस दिसायला हवं. आपल्या दिव्याने आपल्याला लांबचं दिसतं, पण समोरच्याला आपल्या शेजारचं माणूस दिसेनासं होतं. अण्णा घाटात डिपर देताना म्हणायचे, "दिवा निम्मा आपला, निम्मा समोरच्याचा." लहानपणी मला तो नुसता एसटीतला शिष्टाचार वाटायचा. आपल्याकडे हेडलाइटवर काळा ठिपका नाहीतर वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग असायचा, ट्रकच्या मागे रात्री डिपर वापरा असं लिहिलेलं असायचं. हायवेच्या दुभाजकावरची कण्हेर आणि बोगनवेलही नुसती शोभेची नसते, पलीकडचा झोत ती अडवते. सगळ्यांचा हेतू तोच.

इथला कायदाही तेच सांगतो. समोरून येणारी किंवा पुढे जाणारी गाडी २०० मीटरच्या आत आली की अप्पर बंद. हॅलोजनसाठी बनलेल्या दिव्यात एलईडी बल्ब इथल्या नियमांत बसत नाही. पोलिसांनी पाहिलं तर काचेवर पिवळा स्टिकर चिकटू शकतो. त्याच्या रंगावरून त्याला इथे 'कॅनरी' म्हणतात. सिडनीकडे, न्यू साउथ वेल्समध्ये पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी होते. आमच्या व्हिक्टोरियात तसं नाही. गाडी विकताना किंवा रजिस्ट्रेशन नव्याने करताना रोडवर्दी सर्टिफिकेट लागतं, एरवी कुणी विचारत नाही. म्हणजे मधली दहा-पंधरा वर्षं दिव्यांची जबाबदारी आपलीच.

रेघ जागेवर आणणं

शेवटचं काम दिव्यांचा कोन. बल्ब बदलले, दिवा हलवला, तर हे करावंच लागतं. दुकानांमागच्या मोकळ्या, सपाट पार्किंगमध्ये भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर गाडी उभी केली. टायरमध्ये हवा योग्य, टाकीत पेट्रोल, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर टेप लावली. डिपरच्या उजेडाची वरची रेघ त्या टेपपेक्षा ५ सेंटिमीटर खाली यायला हवी. हिशोब सोपा आहे, मीटरमागे एक सेंटिमीटर उतार. दिव्यामागच्या स्क्रूने ती वरखाली होते. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून रेघ डावीकडे थोडी वर चढते. ती फुटपाथ आणि कडेची माणसं दाखवते. उजवीकडे ती खालीच राहते, कारण तिथून समोरचा येतो.

परदेशातून ऑनलाइन दिवे मागवणाऱ्यांनी इथे सावध राहावं. अमेरिकेत आणि युरोपात बहुतेक ठिकाणी गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे तिकडच्या दिव्याची चढती बाजू उजवीकडे असते. म्हणजे इथे नेमकी समोरच्याच्या डोळ्यात. युरोपीय मान्यतेच्या दिव्यावर गोलात 'ई' असतो. डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनलेला असेल, तर समोरून बघताना उजवीकडे दाखवणारा बाणही असतो. बाण नसेल तर तो दिवा आपल्यासाठी नाही. आणखी एक, डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक असतं. मागे तीन माणसं आणि डिकीत गणपतीच्या कार्यक्रमाची भांडी भरली की गाडीचं नाक वर जातं आणि दिवे आकाशात. तेव्हा ते चाक फिरवायचं. पुष्कळांना ते कशासाठी आहे हेच माहीत नसतं.

पुढच्या आठवड्यापासून आमचे रात्रीचे तास सुरू झाले. आधी वस्तीतले दिव्यांचे रस्ते, मग मिकलहॅम रोड, मग डॉनीब्रूक. समोरून झगझगीत दिवा आला की तिकडे बघायचं नाही, वेग कमी करायचा आणि नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर ठेवायची. ही शिकवण अण्णांची, कुंभार्लीहून व्हॉट्सअॅपमार्गे आलेली. धुक्यात अप्पर लावायचा नाही, कारण धुकं तोच उजेड आपल्याच तोंडावर फेकतं, हीपण त्यांचीच. सातव्या तासाला डाव्या बाजूच्या गवतात दोन ठिपके चमकले. लेकीने ते माझ्याआधी पाहिले. तिने शांतपणे ब्रेक दाबला आणि गाडी पार थांबवली. कांगारू रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला, आमच्याकडे बघितलं आणि निघून गेला. तिने नोंदवहीत त्या फेरीपुढे 'कांगारू १' असं लिहिलं. मी शेजारी बसून बराच वेळ काही बोललो नाही.

ही सगळी कहाणी एका जुन्या हॅचबॅकची. पण परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची आणखी एक जुनी गाडी असते, आणि ती तिकडे असते. आईवडिलांच्या दारात उभी, झाकण घातलेली, महिन्यातून चार वेळा निघणारी. लग्नाला, दवाखान्यात, कधी रात्री-अपरात्री. माणसाच्या साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो आणि समोरच्या झोताने दिपलेले डोळे सावरायलाही जास्त वेळ लागतो. म्हणजे ज्यांना चांगल्या दिव्यांची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याच गाडीचे दिवे सगळ्यात जुने. आपण सुट्टीवर जातो तेव्हा त्यांच्या फोनचं अपडेट करतो, टीव्हीचा रिमोट शिकवतो, बीपीचं मशीन नेतो. एक संध्याकाळ गाडीलाही द्यावी. भिंतीसमोर उभी करून दिवे लावावेत. दोन्ही सारखे आहेत का, रेघ कुठे येते, काच पिवळी आहे का ते बघावं. कुणी हौसेने एलईडी बसवून दिले असतील तर आधी स्वतः समोर जाऊन बसावं.

अण्णांना आता रात्री गाडी चालवू नका असं मी सांगितलंय आणि ते ऐकत नाहीत. डिसेंबरमध्ये कराडला जाणार आहे. बॅगेत पॉलिश पेपरचे तीन नंबर आणि मल्टिमीटर आधीच टाकून ठेवलाय. अर्थचा बोल्ट मात्र तेच दाखवतील.